जलपर्णी काढल्यानंतरचे तीन महिने

जलपर्णी काढण्याची मोहीम ठाणेकरांना नवी नाही. काठावर पोकलेन मशिन येऊन उभं राहतं, तराफ्यावरची माणसं हिरवा थर दोरांनी ओढत आणतात, डंपर भरभरून जातात आणि चार-आठ दिवसांत पाणी पुन्हा उघडं दिसू लागतं. सकाळी फेरी मारायला येणारी मंडळी खूश होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्यानंतर मात्र त्या पाण्याकडे फारसं कुणी निरखून बघत नाही. खरं तर तळ्याचं पुढचं वर्ष कसं जाणार, हे त्यानंतरच्या तीन महिन्यांतच ठरतं.

याचं कारण साध्या गणितात आहे. आपल्याकडच्या उबदार, सांडपाण्यावर पोसलेल्या पाण्यात जलपर्णीचा थर साधारण 10 ते 15 दिवसांत दुप्पट होतो. समजा, एक हेक्टरचं, म्हणजे 10,000 चौरस मीटरचं तळं काठोकाठ भरलेलं होतं आणि मोहिमेत 99 टक्के जलपर्णी निघाली. उरली 100 चौरस मीटर: थोडी पायऱ्यांच्या कोपऱ्यात, थोडी जाळीखाली, थोडी काठावरच्या झुडपांच्या सावलीत. दुप्पट व्हायला 12 दिवस धरले तर 100 चे 200, मग 400, 800, आणि सातव्या दुपटीला 12,800. म्हणजे तळं भरून वर उरलं. सात दुपटींना लागतात 84 दिवस. दाटी झाली की वाढ थोडी मंदावते, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आता हेच गणित उलटं मांडून पाहा. 90 टक्के काढून थांबलो तर 1,000 चौरस मीटर उरतात आणि तळं भरायला जेमतेम 40 दिवस पुरतात. 99 टक्क्यांपर्यंत गेलो तर आणखी 40 दिवस मिळतात, पण त्यासाठी 900 चौरस मीटर उपसावे लागतात. 99.9 टक्क्यांपर्यंत जाण्यासाठी फक्त 90 चौरस मीटर काढायचे असतात आणि तेवढेच 40 दिवस पदरात पडतात. त्याच्या पुढच्या 40 दिवसांची किंमत अवघी नऊ चौरस मीटर, एखाद्या लहानशा खोलीएवढी. शेवटची उरलीसुरली रोपं वेचणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लाभाचं काम आहे. त्याला पोकलेन लागत नाही. दोन माणसं, लांब बांबूला बांधलेला आकडा आणि एक टोपली एवढ्यावर ते होतं. अडचण इतकीच की ते दर आठवड्याला करावं लागतं, आणि ठेक्याच्या हिशेबात हे नऊ चौरस मीटर कुठेच बसत नाहीत. तळ्याभोवती राहणाऱ्या लोकांचा गट हवा, असं मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी. ठेकेदाराचं काम गटाने करावं असं मुळीच नाही. ठेकेदार निघून गेल्यावर जे उरतं, ते गटाचं काम.

जलपर्णीचं एक रोप उपटून हातात घ्या. पानाचा देठ मधोमध फुगलेला असतो. तो चिरला तर आत हवेचे असंख्य कप्पे दिसतात आणि रोप का बुडत नाही ते कळतं. खाली जांभळट काळ्या मुळांचा झुपका. जमिनीचा आधार न घेता ही मुळं पाण्यातलाच नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) ओढून घेतात. पानांच्या बगलेतून एक आडवा धुमारा निघतो, वीतभर पुढे सरकतो आणि त्याच्या टोकाला नवं रोप धरतं. त्या पोराला मुळं फुटली की तेही धुमारे काढू लागतं. दुपटीचं सगळं गणित चालतं ते या धुमाऱ्यांवर, बियांची त्याला गरजही नसते.

पण बियाही असतात, आणि त्या चिवट असतात. फुलं कोमेजली की फुलांचा दांडा वाकतो, त्याचं टोक पाण्यात जातं आणि बिया सुटून तळाच्या गाळात बसतात. तिथे त्या 15 ते 20 वर्षं जिवंत राहू शकतात. रुजायला त्यांना उजेड आणि उथळ पाणी किंवा ओला चिखल लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी आटून काठ उघडे पडतात, तेव्हा हे दोन्ही मिळतं. चिखलावर उगवलेली कोवळी रोपं जूनच्या पावसात पाणी चढलं की सुटी होऊन तरंगू लागतात. म्हणून पूर्ण साफ केलेल्या तळ्यातही बाहेरून काही न येता जलपर्णी परतते.

मूळची ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातली. फिकट जांभळ्या फुलांच्या हौसेपायी माणसांनीच ती जगभर नेली. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली आणि 1936 मध्ये बंगालला खास जलपर्णीसाठी कायदा करावा लागला, इतकी तिथल्या भातशेतीची आणि नौकावाटांची कोंडी झाली होती.

तळ्याकाठच्या लोकांनी संघटित होऊन राखण करण्याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्ज नावाचं सुमारे 51 किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. तिथली लेक जॉर्ज असोसिएशन 1885 पासून काम करते. त्यांच्या पाण्यात 1985 मध्ये युरेशियन वॉटरमिलफॉइल ही परकी वनस्पती सापडली. ती तरंगत नाही, तळाशी रुजून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत वाढते. तिचा एखादा बोटभर तुकडा तुटला तरी तो वाहत जाऊन दुसरीकडे रुजतो. त्यामुळे यंत्राने सपासप कापणं म्हणजे तिची लागवड करणंच ठरतं. तिथे पाणबुडे खाली उतरून एकेक झाड मुळासकट हाताने उपटतात, किंवा उपटलेलं झाड मोठ्या नळीतून थेट वर ओढून घेतलं जातं. हे दर वर्षी चालतं. चार दशकं झाली, मिलफॉइल संपलेली नाही, पण सरोवर तिच्या ताब्यात गेलेलं नाही.

2014 पासून तिथे आणखी एक नियम आहे. बाहेरून गाडीमागे ओढून आणलेली कुठलीही होडी तपासल्याशिवाय पाण्यात उतरवता येत नाही. तळाशी, दोरांत, इंजिनात अडकलेला झाडपाला काढतात, साचलेलं पाणी सांडतात आणि गरज पडली तर कढत पाण्याने होडी धुतात. आपल्याकडे अशा होड्या येत नाहीत, पण तण एका तळ्यातून दुसऱ्यात जायला इतर वाटा आहेत. तळ्यातळ्यांवर फिरणारे तराफे, जाळी, टोपल्या, पोकलेनचा बकेट. नर्सरीतून आणलेलं, कुंडीत वाढलेलं आणि कंटाळा आल्यावर तळ्यात सोडलेलं रोप. घरच्या मत्स्यालयातलं उरलेलं शेवाळ. एका तळ्यावरचं काम संपवून दुसऱ्यावर जाणारी सामग्री नीट धुऊन, उन्हात वाळवून न्या, एवढी अट गटाने धरून ठेवली तरी फार मोठं काम होईल.

तणनाशकाचा वाद तिथेही झाला. प्रोसेलाकोर नावाचं नवं रसायन लेक जॉर्जमध्ये वापरायला असोसिएशनचा विरोध होता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि अखेर 2024 मध्ये दोन लहान खाड्यांत ते वापरलं गेलं. त्या वादाचा निवाडा करण्याइतका मी तिथला जाणकार नाही. आपल्या लहान तळ्यांबाबत मात्र माझं मत पक्कं आहे: काठोकाठ भरलेल्या तळ्यावर फवारणी करू नये. फवारलेली जलपर्णी नाहीशी होत नाही, ती मरून बुडते. शेकडो टन पाला एकदम तळाशी कुजू लागला की कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात आणि माशांचा खच पडतो.

प्राणवायूची टंचाई तर जिवंत थराखालीही असते. वरची पानं प्राणवायू बनवतात, पण तो हवेत सोडतात. खाली अंधार असल्यामुळे पाण्यातली सूक्ष्म शैवालं आणि तळाची झाडं तो बनवू शकत नाहीत. शिवाय थर वाऱ्याला अडवतो, त्यामुळे लाटांबरोबर हवा पाण्यात मिसळणंही थांबतं. डासांची मात्र सोय होते. मान्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या श्वासासाठी पाण्याच्या वर येतच नाहीत. पाणवनस्पतींच्या मुळांत त्या आपली श्वासनळी खुपसतात आणि तिथल्या हवेवर जगतात. केरळात हत्तीरोगाचा एक प्रकार याच डासांमुळे पसरत होता, आणि पिस्टिया ही तरंगती वनस्पती तळ्यांतून काढून टाकणं हा तिथे रोगनियंत्रणाचा भाग होता.

काढलेल्या जलपर्णीचं काय करायचं, हा प्रश्न कायम मागे पडतो. दाट थर हेक्टरी 300 टनांच्या घरात भरतो. त्यातलं सुमारे 95 टक्के वजन नुसतं पाणी असतं. म्हणजे डंपर बहुतेक पाणीच वाहतात. उपसलेला ढीग एक-दोन दिवस निथळू दिला तर वजन बरंच उतरतं आणि फेऱ्या वाचतात. पण तो तिथेच पडून राहिला तर केलेलं काम वाया जातं. उरलेल्या 15 टन कोरड्या भागात अंदाजे 300 किलो नत्र आणि 40-50 किलो स्फुरद असतं. तळ्यात सांडपाण्याबरोबर आलेलं हे खत जलपर्णीने गोळा करून आपल्या हाती दिलेलं असतं. ढीग काठावर कुजला, वर पाऊस पडला, की तोच रस परत पाण्यात. तळ्यापासून दूर नेऊन, सुक्या पाल्यात मिसळून त्याचं कंपोस्ट करता येतं. जलपर्णी शिसं, कॅडमियमसारखे जड धातूही शोषते, म्हणून सांडपाण्याच्या तळ्यातलं कंपोस्ट तपासल्याशिवाय भाजीपाल्याला घालू नये. बागेतल्या झाडांना चालेल.

नैसर्गिक शत्रू सोडण्याचा उपायही आपल्या देशात झालेला आहे. निओकेटिना वंशाचे भुंगेरे दक्षिण अमेरिकेत जलपर्णीवरच जगतात. प्रौढ भुंगेरे रात्री पानं कुरतडतात आणि पानांवर लहान चौकोनी चट्टे उमटतात. अळ्या देठ पोखरत रोपाच्या गाभ्यात उतरतात आणि कोष पाण्याखाली मुळांमध्ये विणतात. 1980 च्या दशकात बेंगळुरूजवळच्या तलावांत ते सोडले आणि तीनेक वर्षांत तिथली जलपर्णी मोठ्या प्रमाणात ओसरली. पण हा उपाय संथ आहे, आणि नत्र-स्फुरद भरपूर मिळत असेल तर रोप अळ्यांच्या पुढे धावतं. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: सगळी जलपर्णी एकदम उपसली की तिच्यातल्या अळ्याही डंपरमध्ये जातात. दोन्ही उपाय एकाच तळ्यात नीट न आखता केले तर एक दुसऱ्याला मारतो. लहान शहरी तळ्यासाठी मी हाताने वेचण्याच्या बाजूने आहे. भुंगेरे मोठ्या जलाशयांसाठी, नदीसाठी योग्य. उल्हास नदीत कल्याणच्या वरच्या अंगाला साचणारा थर माणसांनी कितीही उपसला तरी पुरा पडणार नाही. पावसाळ्यात त्यातली काही खाडीकडे वाहत येते आणि खाऱ्या पाण्यात मरते, कारण खारेपणा तिला फारसा सोसत नाही.

परकी म्हणजे वाईट आणि देशी म्हणजे चांगली, एवढं सोपं मात्र हे नाही. आपल्या तळ्यांत तळाशी वाढणारी हायड्रिला ही साधी वनस्पती फ्लोरिडात गेली आणि तिथे उपद्रवी तण ठरली, कारण तिला खाणारे किडे इथेच राहिले. अखेर 1987 मध्ये हायड्रिलाची पानं पोखरणारी एक माशी आपल्या उपखंडातून नेऊन तिथे सोडावी लागली. आपल्याकडे गवत्या मासा हायड्रिला आवडीने खातो. जलपर्णीला तो फारसं तोंड लावत नाही, तेव्हा गवत्या सोडून जलपर्णी जाईल या आशेवर कुणी राहू नये.

मुळात जलपर्णी जगते ती तळ्यात येणाऱ्या खतावर. पावसाळी गटारात चोरून जोडलेली सांडपाण्याची नळी, निर्माल्य, माशांना टाकलेले पाव आणि पिठाचे गोळे, सगळं शेवटी नत्र आणि स्फुरदच. कारंजी पाण्यात हवा घालतात, ते चांगलंच आहे, पण स्फुरद कमी करत नाहीत. ठाण्यात कृत्रिम तलावांत विसर्जन आणि निर्माल्याचे कलश सुरू झाले, त्याचा तळ्यांना खरोखर उपयोग आहे. सांडपाणी उद्या थांबलं तरी फरक लगेच दिसत नाही, कारण गाळातला स्फुरद लोहाला बांधलेला असतो आणि तळाचा प्राणवायू संपला की तो सुटून पुन्हा पाण्यात येतो. काही वर्षं तळं आपल्या जुन्या गाळावरच जलपर्णी पोसू शकतं.

गटाचं वर्ष त्यामुळे मेपासून सुरू व्हायला हवं. पाणी सर्वांत खाली असतं तेव्हा काठाच्या चिखलावरून फिरायचं आणि बोटभर उंचीची गोल पानांची रोपं मुळासकट उपटायची. पहिल्या मोठ्या पावसानंतर जिथे नाला किंवा गटार तळ्याला मिळतं, तिथे आधी बघायचं, कारण सांडपाणी तिथूनच शिरतं आणि वाढही तिथेच जोमदार असते. मग वाऱ्याची दिशा पाहायची. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे सुटलेली रोपं ईशान्येच्या काठाला जाऊन लागतात. आठवड्यातून एकदा त्या एका काठावर आकडा फिरवला तर बहुतेक सगळी तिथेच हाती लागतात.