पुन्हा तीच गोष्ट!

"रोज तीच गोष्ट काय सांगता? मुलांना काहीतरी नवीन द्या की!" बालवाडीतल्या ताईंना पालकांकडून हे हमखास ऐकावं लागतं. बोलण्यामागे काळजी असते, पण हिशेब मोठ्यांचा असतो: गोष्ट एकदा ऐकली की संपली. तीन वर्षांच्या मुलासाठी ती तेव्हा कुठे सुरू झालेली असते.

तीच गोष्ट पुन्हा ऐकताना मूल नवे शब्द शिकत असतं. वस्तू दाखवली, नाव सांगितलं, की शब्द आला, इतकं शब्द शिकणं सोपं नाही. तत्त्वज्ञ विलार्ड क्वाइन यांनी १९६० साली एक पेच मांडला. अनोळखी भाषेतला माणूस पळत्या सशाकडे बघून 'गवागाई' म्हणाला, तर गवागाई म्हणजे काय? ससा, सशाचे कान, की पळणं? चित्राच्या पुस्तकापुढे मूल याच पेचात असतं. पानावर नदी, होडी, सुसर, नावाडी, ढग, आणि कानावर पडतो 'वल्हं' हा कोरा शब्द. तो चिकटवायचा कशाला?

पहिल्या वाचनात मुलाचं सगळं लक्ष 'कोण आहे, काय झालं, सुसर खाणार का' यातच खर्ची पडतं. एका वेळी मनात धरून ठेवता येईल अशी माहिती मोठ्यांनाही थोडीच पेलते, लहान मुलाला त्याहून कमी. दुसऱ्या वाचनात सुसर खात नाही हे ठाऊक असतं. तेवढं लक्ष मोकळं होतं आणि नजर पानावर हिंडू लागते. (मोठं माणूस वाचत असताना मुलं अक्षरांकडे जवळजवळ बघतच नाहीत, चित्रांकडे बघतात, हे नजरेचा माग घेणाऱ्या प्रयोगांत दिसलं आहे.) तिसऱ्या-चौथ्या वाचनात मूल पुढचं वाक्य आधीच ओळखतं. 'नावाड्याने…' म्हणताच नजर नावाड्याच्या हातावर जाते आणि 'वल्हं' ऐकू येतं तेव्हा डोळ्यांसमोर नेमकी तीच वस्तू असते. शब्द आणि वस्तू यांची गाठ अशी बसते.

ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हे तपासलं. तीन वर्षांच्या काही मुलांना त्याच त्या गोष्टी वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द मात्र दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडतील अशी व्यवस्था केली. त्याच गोष्टी ऐकणाऱ्यांना ते शब्द कितीतरी चांगले लक्षात राहिले. शब्द किती वेळा ऐकला एवढ्यावर भागत नाही, भोवतालचं ओळखीचं असावं लागतं.

मग एकदा ऐकून काहीच उरत नाही का? उरतं, पण अर्धवट. सुझन केरी आणि एल्सा बार्टलेट यांच्या १९७८ सालच्या प्रयोगात मुलांना दोनांपैकी निळा नको, 'क्रोमियम' रंगाचा ट्रे आणायला सांगितलं. रंगाचं हे नाव मुलांना नवं होतं. ट्रे होता ऑलिव्ह हिरवा. मुलांनी बरोबर आणला. नंतर विचारल्यावर अनेकांच्या मनात शब्दाची काहीतरी खूण होती, पण नेमका रंग पक्का नव्हता. पुढच्या प्रत्येक वाचनात हीच खूण पक्की होत जाते.

पुन्हा पुन्हा ऐकण्याच्या या फायद्याचा गैरवापरही होतो, म्हणून इथे एक स्पष्ट सांगायला हवं. गर्भातच मूल हुशार करून देण्याचे दावे करणारे १९८६ सालच्या एका प्रयोगाकडे बोट दाखवतात. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आईने मोठ्याने वाचलेला उतारा नवजात बाळं ओळखतात, एवढंच त्यात दिसलं होतं. बाळाला लय आणि आवाज ओळखीचे झाले होते. बुद्धी वाढल्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्यावर पैसे उकळणं ही फसवणूक आहे.

म्हणून ताईंनी तीच गोष्ट चार-पाच दिवस खुशाल चालवावी. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरावं, गट शक्य तितका लहान ठेवावा. पहिल्या दिवशी प्रश्न नकोत. तिसऱ्या दिवशी ओळखीच्या वाक्यात मध्येच थांबावं: "नावाड्याने पाण्यात घातलं…" आणि पुढचा शब्द स्वतः न बोलता पाच-सहा सेकंद वाट बघावी. आधी कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटतं. मग सगळी मुलं एका सुरात ओरडतात, "वल्हं!"