पार्श्वभूमी: आयएसएम, आणि ऑफिसातला तो डीपीए

आयएसएम म्हणजे जहाजं सुरक्षित चालवण्याचा आंतरराष्ट्रीय कोड, आणि डीपीए (डेझिग्नेटेड पर्सन अशोअर) म्हणजे त्या कोडप्रमाणे कंपनीने किनाऱ्यावर नेमायचा माणूस. त्यातलं डीओसी (कंपनीचं प्रमाणपत्र), एसएमसी (जहाजाचं प्रमाणपत्र), इंटर्नल ऑडिट, एनसी (ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी) हे सगळं बोटीवरच्या लोकांना आणि बेलापूर-अंधेरीच्या मॅनेजमेंट ऑफिसात बसणाऱ्यांना तोंडपाठ असतं, म्हणून त्याच्या तपशिलात जात नाही. हे आलं कुठून, ते मात्र नव्या मुलांना कोणी नीट सांगत नाही.

टायटॅनिकनंतर १९१४ ला समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार (सोलास) झाला. तिथून पुढची सत्तर-बहात्तर वर्षं नियम बहुतेक जहाजाबद्दलच होते, म्हणजे लाइफबोटी किती, बल्कहेड (जहाजाच्या आतली भिंत) कुठपर्यंत, रेडिओ कुठला. जहाज चालवणारं किनाऱ्यावरचं ऑफिस त्यात जवळपास नव्हतंच.

६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही प्रवासी आणि गाड्या नेणारी फेरी बोट इंग्लंडच्या डोव्हरकडे निघाली ती पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच, आणि बंदराबाहेर पडल्यावर काही मिनिटांत आडवी झाली. १९३ माणसं गेली. दरवाजे बंद करायचं काम असिस्टंट बोसनचं (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा मदतनीस), तो केबिनमध्ये झोपलेला, चीफ ऑफिसरला वाटलं बोसन येतोय म्हणून चीफ ऑफिसर आपल्या स्टेशनवर गेला, आणि कॅप्टनला ब्रिजवरून (जहाज चालवायच्या जागेवरून) दरवाजे दिसतच नव्हते. वरून पद्धत अशी की कोणी काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरायचं. इथपर्यंत ऐकलं की लोक त्या असिस्टंट बोसनवर थांबतात, पण मुद्दा पुढचा आहे. याच कंपनीची दुसरी फेरी १९८३ मध्ये अशीच दरवाजे उघडे ठेवून निघाली होती. त्यानंतर कॅप्टन लोकांनी ब्रिजवर इंडिकेटर लाइट (दरवाजे बंद आहेत की उघडे हे दाखवणारे दिवे) मागितले होते, लेखी मागितले होते, आणि ऑफिसातल्या काहींनी त्या कागदावर चेष्टेचे शेरे मारले. एका दिव्याची गोष्ट होती! चौकशीत निष्काळजीपणा कंपनीत वरपासून खालपर्यंत मुरलाय असं स्पष्ट म्हटलं गेलं. पुढे कंपनीवर मनुष्यवधाचा खटला झाला तो १९९० मध्ये कोसळला, कारण कंपनीला दोषी धरायचं तर वरच्या पातळीवरचा कोणी एक माणूस व्यक्तिशः दोषी दाखवावा लागत होता आणि तसा कोणी सापडेना. दोष कंपनीभर पसरलेला होता आणि त्या वेळच्या कायद्यात तेवढं पुरत नव्हतं.

मग पटापट झालं. १९८७ आणि १९८९ ला लंडनमध्ये आयएमओ या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संस्थेत ठराव झाले, १९९० ला 'स्कँडिनेव्हियन स्टार' या फेरीला आग लागून दीडशेहून जास्त माणसं गेली, १९९३ ला आयएसएम कोड आला, १९९४ ला तो करारात घातला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'एस्टोनिया' ही फेरी बुडाली, ८५२ जण गेले, आणि युरोपने रो-रो (गाड्या थेट आत चढवणाऱ्या) फेरींना तो १९९६ पासूनच लागू केला. बाकी प्रवासी जहाजं, टँकर, बल्क कॅरियर यांना १ जुलै १९९८, आणि उरलेल्या मालवाहू जहाजांना १ जुलै २००२.

आता तो डीपीए. कोडमधलं चौथं कलम जेमतेम एक परिच्छेद आहे, पण हेराल्डचं खरं उत्तर त्यातच आहे: किनाऱ्यावर एक माणूस नेमायचा, त्याला टॉप मॅनेजमेंटपर्यंत थेट पोच पाहिजे, आणि जहाजाला लागेल ती साधनं आणि मदत मिळतेय की नाही हे त्याने बघायचं. म्हणजे इंडिकेटर लाइट मागणारा कागद मधल्या टेबलावर अडकता कामा नये. पण त्याला शिक्षण काय हवं, अनुभव किती हवा, हे कोडने सांगितलंच नाही. २००७ मध्ये त्यावर एक सर्क्युलर आलं, तेही मार्गदर्शक, सक्तीचं नाही. मला हा निर्णय तेव्हाही कच्चा होता असंच वाटतं. डीपीएचा पगार कंपनी देते, बऱ्याच ठिकाणी तोच सेफ्टी मॅनेजरही असतो, म्हणजे जी सिस्टीम त्याने लिहिली तिच्याबद्दलची तक्रार त्याच्याकडेच यायची. मेसरूमच्या (बोटीवरच्या जेवणाच्या खोलीच्या) बोर्डावर त्याचा चोवीस तासांचा नंबर लावलेला असतो, पण कॉन्ट्रॅक्ट संपत आलेला आणि पुढच्या जॉइनिंगची वाट बघणारा सेकंड मेट (बोटीवरचा एक अधिकारी) तो नंबर फिरवेल का, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. छोट्या कंपनीकडे दोनच जहाजं, तिने वेगळा माणूस कुठून आणायचा. शिवाय डीपीएला कळलं म्हणजे वर कळलं असं धरलं जाण्याची शक्यता वाढल्यावर 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं कोर्टात म्हणणं मालकांना अवघड झालं, हा फायदा मोठाच आहे. फक्त मालक म्हणजे कोण हा घोळ राहतोच, कारण कोडप्रमाणे चालवायची जबाबदारी घेईल ती कंपनी. जहाज एकाचं, झेंडा दुसऱ्या देशाचा, आणि डीओसी मुंबईतल्या मॅनेजरच्या नावावर.

यानंतरचा इतिहास बराचसा कागदाचा आहे. १९९८ मध्ये शारजा बंदरात 'युरेशियन ड्रीम' या कार कॅरियरला आग लागली, आणि २००२ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने जहाज समुद्रयोग्य नव्हतं असं ठरवलं त्यात क्रूला आग विझवायचं पुरेसं ज्ञान नसण्याबरोबर हेही एक कारण होतं, की बोटीवर दिलेले मॅन्युअल काही जुने, काही बिनकामाचे आणि काही इतके जाड की कोणी वाचणार नाही. यातून कंपन्यांनी मॅन्युअल बारीक करायला हवे होते, झालं उलटं. २०१० पासून प्रत्येक ओळखलेल्या धोक्याचं असेसमेंट आलं, २०२१ पासून सायबर सुरक्षा आली, आणि प्रत्येक गोष्टीबरोबर नवीन फॉर्म आला जो भरायचा बोटीवरच्यांनी, तेवढ्याच माणसांत. २०२० मध्ये रेस्ट अवर्सवर (खलाशांच्या विश्रांतीच्या तासांवर) एक आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, त्यात दिसलं की त्या तासांचे आकडे जुळवून लिहिणं सर्रास चालतं आणि ऑडिटमध्ये ते पास होतं. ऑफिसला जबाबदार धरायला बनवलेला कोड ऑफिसच्या बचावाची फाइल होत गेला, आणि माझ्या मते तपासणाऱ्यांनी हे दिसत असून चालू दिलं.

आणि कोड कुणाला लागूच होत नाही हेही आपल्याकडे बघायला हवं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा समुद्रातल्या तेलाच्या कामावरच्या लोकांच्या राहण्याचा बार्ज (सपाट तळाची मोठी बोट) नांगर सुटून वाहत गेला आणि बुडाला, बरीच माणसं गेली. स्वतःचं इंजिन नसलेला बार्ज, त्यामुळे या आंतरराष्ट्रीय सक्तीच्या बाहेर, म्हणजे डीपीए नेमायची सक्तीही नाही. वादळाचा इशारा आधी आलेला होता. त्यावर निर्णय किनाऱ्यावर कोणी घ्यायचा होता, याचंच भांडण नंतर चालू राहिलं.