नेतृत्व कोचिंग

नेतृत्व कोचिंग : जबाबदारीच्या पदावरील व्यक्तीशी प्रशिक्षित कोचने काही महिने, ठरावीक अंतराने केलेला खासगी संवाद. आपल्या वागण्याचा हाताखालच्या माणसांवर काय परिणाम होतो हे त्या व्यक्तीला स्वतःला दिसावे आणि तिने त्यात बदल करावा, हा त्याचा हेतू असतो. महाराष्ट्रात ‘कोचिंग’ म्हटले की दहावी-बारावीचे क्लास आठवतात. हा कोच मात्र शिकवत नाही, विचारतो. हे लक्षात न आल्याने पहिल्या बैठकीला अनेक जण वही-पेन सरसावून बसतात आणि उत्तरांची वाट पाहतात.

हंगेरीतील कोच या गावी बनणाऱ्या घोडागाडीवरून हा शब्द युरोपभर पसरला. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षा पार करून देणाऱ्या मास्तरांना ‘कोच’ म्हणू लागले. तिथून तो खेळात गेला आणि कंपन्यांतही खेळाच्याच वाटेने आला. टेनिस शिकवणारे टिमथी गॅलवे यांनी १९७४ च्या पुस्तकात असे मांडले की, खेळाडूला सूचनांचा भडिमार अडवतो. चेंडूकडे नीट पाहायला लावले की चूक बरीचशी आपोआप सुधारते. शर्यतीत मोटारी चालवलेले जॉन व्हिटमोर यांनी हाच विचार उद्योगांत रुजवला. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निर्धार या क्रमाने प्रश्न विचारण्याची ‘ग्रो’ पद्धत त्यांच्यामुळे सर्वत्र पोहोचली.

कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक बिल कॅम्पबेल (मृत्यू २०१६) यांनी स्टीव्ह जॉब्ज आणि गूगलचे एरिक श्मिट यांना मार्गदर्शन केले. मुख्याधिकारी झाल्यावर कोच कशाला हवा, असे श्मिट यांना सुरुवातीला वाटले होते. पुढे त्यांनीच, कोच घ्या ही आपल्याला मिळालेली सर्वांत चांगली सूचना असल्याचे सांगितले. कॅम्पबेल श्मिट यांच्या सहकाऱ्यांच्या बैठकांनाही बसत. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण बंद खोलीत माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते बहुधा अर्धेच असते.

बढती मिळून व्यवस्थापक झालेला एखादा कुशल अभियंता सांगतो, “माझी माणसं जबाबदारीच घेत नाहीत.” कोच विचारतो, “मागच्या आठवड्यात त्यांनी घेतलेला कोणता निर्णय तुम्ही फिरवला नाहीत?” उत्तर येत नाही. ही शांतता सहन करणे हे कोचच्या कामातले सर्वांत कठीण कौशल्य आहे. नवखा कोच घाईने सल्ला देऊन ती मोडतो आणि हाती आलेला क्षण निसटतो.

सहकारी, वरिष्ठ आणि कनिष्ठ अशा सर्वांकडून नाव न सांगता अभिप्राय गोळा करण्याची रीत रूढ आहे. पण हाताखाली तीनच माणसे असतील तर कोण काय बोलले ते साहेबांना लगेच कळते, म्हणून लोक गोडगोड लिहून मोकळे होतात. शिवाय अभिप्रायाने सुधारणा होतेच असे नाही. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. सरासरीने फायदा दिसला, तरी एकतृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. टीका कामावरून माणसावर घसरली की हा धोका वाढतो.

सर्वांत नाजूक प्रश्न पैशाचा आहे. फी कंपनी भरते आणि मन मोकळे करतो तो तिचा अधिकारी. कंपनीला काय कळवायचे आणि काय नाही, हे पहिल्याच बैठकीत तिघांनी मिळून ठरवले नाही तर अधिकाऱ्याला कोच हा मनुष्यबळ विभागाचा हेर वाटू लागतो. एखाद्याला काढायचे आधीच ठरले असताना केवळ नोंदीपुरता कोच नेमणे, हा तर त्या माणसावर उघड अन्याय आहे.

या व्यवसायासाठी सरकारी परवाना लागत नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघ (आयसीएफ) ही संस्था प्रशिक्षणाचे व प्रत्यक्ष कामाचे तास पाहून प्रमाणपत्र देते, पण ते घेण्याची सक्ती नाही. नैराश्य, व्यसन किंवा तीव्र चिंता यांची लक्षणे दिसल्यास कोचने संबंधित व्यक्तीला मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास सुचवणे अपेक्षित असते.