पावणेदोन तासांचे मिलिसेकंद किती?

मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. डोंबिवली म्हणजे सव्वा तास, विरार म्हणजे पावणेदोन तास. संगणकातल्या टायमरला मात्र बहुतेक वेळा निव्वळ मिलिसेकंद लागतात. ‘त्यात काय, हजाराने गुणायचं’ हा समज इथेच फसतो.

सेकंदाचे १,०००, मिनिटाचे ६०,०००, तासाचे ३६,००,०००, दिवसाचे ८,६४,००,०००. हे शाळेतलं गणित. पण ‘१.३०’ म्हणजे दीड तास समजायचा की एक तास अठरा मिनिटं? माणसं दोन्ही अर्थांनी लिहितात, म्हणून प्रोग्रामने अंदाज न बांधता ते सरळ नाकारावं.

आपले बोलीतले शब्द यापेक्षा कितीतरी नेमके आहेत, कारण त्यांचं मोजमाप पाव आहे. संख्या ‘न’ धरली, तर सव्वा म्हणजे ४न+१ पाव, साडे म्हणजे ४न+२, पावणे म्हणजे ४न−१. नुसता सव्वा ५ पाव, पाऊण ३, दीड ६, अडीच १०. तासाचा पाव ९,००,००० मिलिसेकंदांचा. पावणेदोन म्हणजे ७ पाव, म्हणून ६३,००,०००. सगळं पूर्णांकात, दशांशचिन्ह कुठेच नाही. संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत पाव तंतोतंत मावतो, पण ०.१ मावत नाही. म्हणूनच १.००५ सेकंदांना हजाराने गुणलं की १००४.९९९… येतं आणि अपूर्णांक छाटला की एक मिलिसेकंद गळतो.

शब्द ओळखताना लांब शब्द आधी तपासावा. नाहीतर ‘दीडशे मिनिटं’मधला ‘दीड’ उचलला जातो आणि ‘शे’ लोंबकळत राहतो. अंकही जपावे लागतात: देवनागरी ‘५’ पायथन ही प्रोग्रामिंग भाषा वाचते, जावास्क्रिप्ट या भाषेचं नंबर फंक्शन मात्र ‘नॅन’ (‘ही संख्या नाही’) देतं, आणि टायमरला नॅन मिळालं की तो थांबतच नाही, लगेच सुटतो.

मोठ्या मुदतीत धोका वेगळा. ३२ बिटांच्या चिन्हांकित (उणे संख्याही घेणाऱ्या) पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद मावतात, म्हणजे २४ दिवस २० तास ३१ मिनिटं आणि वर २३.६४७ सेकंद. जावा या भाषेत ३० दिवसांसाठी ३० × २४ × ६० × ६० × १००० लिहिलं, तर उत्तर येतं उणे १,७०,२९,६७,२९६. पहिलाच आकडा ‘लाँग’ (६४ बिटांचा पूर्णांक) करावा; गुणाकार झाल्यावर उत्तर लाँग केलं, तर ते आधीच ओसंडलेलं असतं.

महिना मिलिसेकंदांत बदलूच नये. तो २८ ते ३१ दिवसांचा, ते काम कॅलेंडरचं. दिवससुद्धा न्यूयॉर्कमध्ये घड्याळ पुढे-मागे केल्यामुळे मार्चात एकदा २३ तासांचा होतो, नोव्हेंबरात २५ तासांचा. घटिका मात्र बिनधास्त घ्या: २४ मिनिटं, १४,४०,००० मिलिसेकंद. मुहूर्ताची काही ॲप सेकंदापर्यंत वेळ दाखवतात. ती अचूकता भागाकाराची आहे, त्यातून तो क्षण शुभ ठरत नाही.