माठाला ऊन, कुरडूला उपास

पावसाळा सुरू झाला की ठाण्याच्या जांभळी नाक्यावर रानभाज्यांचे वाटे लागतात. टाकळ्याच्या शेजारी कुरडूची कोवळी पाने आणि दोन पावलांवर तांबड्या माठाच्या जुड्या. कुरडू सप्टेंबरनंतर माळावर पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांनी फुलते तेव्हा तिला कोणी भाजी म्हणत नाही, माठाला कोणी फूल म्हणत नाही. तरी दोघे एकाच कुळातले. आघाडा, राजगिरा, पालक, चाकवत आणि बीटही याच कुळात येतात. रोपे दोन-तीन पानांची असताना कुंडीत माठ कोणता आणि कुरडू कोणती, हे सांगताना जाणकारही चुकतात. थोडी वाढ झाली की पान पाहावे. कुरडूचे पान अरुंद आणि टोकदार. माठाचे रुंद असते आणि बऱ्याचदा त्याच्या टोकाशी बारीकशी खाच दिसते.

घरच्या बागेत गडबड होते ती या सारखेपणामुळेच. दोन्ही बिया एका मिश्रणात पेरल्या जातात, दोघांना सारखेच खत मिळते, आणि मग माठ खुरटतो नाहीतर कुरडू नुसती उंच होऊन आडवी पडते.

फरक पानाच्या आत आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम दोघांतही रुबिस्को हे विकर करते. या विकराची एक खोड आहे: उष्णता वाढली की ते कार्बन डायऑक्साइडऐवजी पुष्कळदा ऑक्सिजनच पकडते, आणि तयार होत आलेली साखर वाया जाते. कुरडू हा तोटा सोसते. माठाने त्यावर तोड काढली आहे. तो कार्बन डायऑक्साइड आधी दुसऱ्या विकराने पकडतो, चार कार्बनच्या आम्लात बांधतो आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतो. रुबिस्को तिथेच बसलेले असते. आजूबाजूला कार्बन डायऑक्साइडची गर्दी असल्यामुळे चुकीला वाव उरत नाही. या पद्धतीला सी-४ म्हणतात. ऊस, मका, ज्वारी याच पद्धतीचे. माठाचे पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिले तर हिरव्यागार शिरांचे दाट जाळे दिसते. तो हिरवा रंग त्याच पेशींचा.

पण हा पंप फुकट चालत नाही, त्याला ऊर्जा लागते. भरपूर उन्हात हा खर्च परवडतो, सावलीत नाही. म्हणून घरात रोज पाच-सहा तास ऊन मिळणारी एकच जागा असेल, तर ती माठाला द्यावी. कुरडूलाही ऊन आवडते, पण चार तासांत तिचे भागते. पूर्ण सावलीत मात्र तिचे तुरे बारीक येतात.

ऊन कुठे मिळेल, हे फ्लॅटच्या दिशेवर ठरते, आणि इथे बरेच जण फसतात. ठाणे-नवी मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत त्या काळात दुपारचे ऊन शिरतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो आणि ऊन आतल्या भिंतीपर्यंत येते. तेव्हा दक्षिणेच्या गॅलरीत माठ ऑक्टोबर ते मार्च घ्यावा आणि उन्हाळ्यात क्रेट पूर्व किंवा पश्चिमेच्या ग्रिलमध्ये हलवावा.

माठासाठी ६० × ३० × १५ सेंटिमीटरचा क्रेट पुरतो. तळाला भोके हवीतच. दोन भाग माती, एक भाग गांडूळ खत आणि एक भाग जाड रेती किंवा भाताचा तूस घ्यावा, वर ५० ग्रॅम निंबोळी पेंड. पावसाळ्यात कोकोपीटचा मोह टाळलेला बरा. ते पाणी धरून ठेवते, आणि वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात पाणी धरणे ही अडचण नाही, पाणी सोडणे ही आहे. एका ग्रॅममध्ये माठाच्या हजाराहून जास्त बिया असतात, म्हणून चिमूटभर बी दोन चमचे बारीक वाळूत मिसळून पेरावे आणि वरून अर्धा सेंटिमीटरच माती भुरभुरावी. खोल गेलेले बी उगवत नाही. लगेच मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा, नाहीतर कबुतरे टिपून नेतात.

तीन ते पाच दिवसांत उगवण होते. दहाव्या दिवशी विरळणी, रोपांत चार-पाच सेंटिमीटर अंतर. विरळलेली रोपे आमटीत टाकावीत. विरळणी चुकवली की दाटीत हवा खेळत नाही आणि रोपे मातीलगत काळी पडून कोलमडतात. हा मातीतल्या पिथियमसारख्या जंतूंचा प्रताप, त्यावर फवारणी शोधण्यापेक्षा पाणी कमी करावे. पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी काढणी. खुडून घ्यायचा असेल तर अंतर दुप्पट-तिप्पट ठेवावे आणि कापताना खाली दोन-तीन पेरे सोडावीत. दहा-बारा दिवसांनी पुन्हा फुटवा येतो. प्रत्येक कापणीनंतर लिटरभर पाण्यात २ ग्रॅम युरिया, नाहीतर मूठभर गांडूळ खत. याहून जास्त नको. कमी उजेडात नत्र जास्त झाले की पानांत नायट्रेट साठते.

थंडीत माठ कोवळा असतानाच तुऱ्यावर येतो, तेव्हा दोष बियाण्याला दिला जातो. खरे कारण दिवसाची लांबी. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकराचा, आणि दिवस लहान झाला की माठाला फुलण्याची घाई होते. हिवाळ्यात त्यामुळे खुडत बसू नये, पंचविसाव्या दिवशी मुळासकट उपटावा. कुरडूचेही घड्याळ हेच. जूनमध्ये पेरा किंवा जुलैमध्ये, तुरे येतात ते दिवस आखडायला लागल्यावरच. कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात असेल तर फुलोरा लांबू शकतो, कारण रोप मोजते ती खरे तर रात्र.

कुरडूला फार काही लागत नाही. ८ ते १० इंची कुंडी, अर्धा मुरूम, अर्धी माती, मूठभर खत, बस. बी मातीवर नुसते दाबावे, झाकू नये. उजेडात ते चांगले उगवते. आठवड्याभरात कोंब दिसतात. कुंडीत दोनच रोपे ठेवावीत. खताचा लाड केला की रोप छातीएवढे होते, फुले लांबतात आणि पहिल्याच वादळी सरीत ते मोडते. नवी मुंबईच्या भरावाच्या जमिनीत बांधकामाचा राडारोडा असतो, सिमेंटमुळे माती अल्कधर्मी होते. लोह मिळेनासे झाल्याने माठाची नवी पाने शिरांमध्ये पिवळी पडतात. कुरडू अशा जागी बऱ्यापैकी तग धरते.

तिचा तुरा आठवडेच्या आठवडे टिकतो, कारण ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती कोरडी, कागदासारखी दले आहेत. कोमेजायला त्यांत पाणीच नाही. लाल-गुलाबी कोंबडा हा याच जातीचा माणसाने निवडलेला प्रकार. कुरडूवर फुलपाखरे आणि मधमाश्या येतात. माठाच्या हिरवट फुलांचे परागण मुख्यतः वारा करतो, त्यामुळे तांबडा आणि हिरवा माठ शेजारी बियाण्याला सोडले तर पुढच्या वर्षी सरमिसळ निघू शकते.

रोग-किडीत माठ नाजूक. पानाखाली पांढरे फोड आणि वर पिवळे ठिपके म्हणजे पांढरा तांबेरा. रोगट पाने काढून फेकावीत, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी आणि सकाळी घालावे. पाने गुंडाळून आत बसणारी हिरवी अळी मात्र दोघांवर येते. रोज संध्याकाळी गुंडाळ्या चिरडणे हाच चांगला उपाय. फार झाल्यास लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे दोन थेंब.

बी कुठून आणायचे? येऊरच्या जंगलातून नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथले रोप उपटणे गुन्हा आहे. मोकळ्या प्लॉटवरची कुरडू बियांसाठी चालेल. पण रस्त्याकडेची, रुळांलगतची किंवा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली कुरडू ताटात घेऊ नये. मातीतले कॅडमियम ती पानांत ओढून घेते, इतके की दूषित माती स्वच्छ करण्यासाठी तिचा अभ्यास झाला आहे. माठही या बाबतीत फार मागे नाही.

घरच्या मातीतली कुरडू मात्र जरूर खावी. नायजेरियात ती ‘सोको’ नावाने मुद्दाम पिकवतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा लागतो, तरच फांद्या फुटून तुरे वाढतात. तोच शेंडा भाजीचा. तुरा धरल्यावर पाने चिवट होतात. दोन्ही भाज्यांत ऑक्झॅलेट असते, मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी पाने उकळून ते पाणी टाकून द्यावे.

कुरडूचे फळ टोपण उघडावे तसे उघडते आणि आतल्या काळ्या चकचकीत बिया सांडतात. माठाच्या फळात बी एकच, कुरडूच्या फळात अनेक. खरिपाच्या शेतात शेतकरी तिला तण म्हणून वैतागतात ते उगाच नाही. तुऱ्याचा खालचा भाग वाळायला लागला की त्यावर कागदी पिशवी बांधावी आणि देठासकट कापून घ्यावा. नाहीतर पुढच्या जूनमध्ये खालच्या मजल्यावरच्या कुंड्यांतही कुरडूच उगवलेली असेल.