स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमधील कीबोर्ड शॉर्टकट

स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये माउसने मेनू उघडून करायचे काम कीबोर्डावरच्या एक-दोन कळांनी करण्याची सोय म्हणजे कीबोर्ड शॉर्टकट. म्यूझस्कोअर, सिबेलियस, डोरिको आणि फिनाले या चारही प्रमुख प्रणालींत स्वर, कालमूल्य, सप्तक, गीताचे बोल, कॉर्डची नावे असे बहुतेक सगळे माउसला हात न लावता लिहिता येते. वेळ वाचतो हे तर दिसतेच, पण त्याहून मोठा लाभ लक्षाचा आहे. वहीतून उतरवून घेणाऱ्याची नजर वहीवर राहते, ऐकून लिहिणाऱ्याचा कान चालीवर राहतो. दर स्वराला पडद्यावर चिन्ह शोधत बसले की ओळ निसटते आणि चुका तिथेच होतात.

पुण्यात या विषयाला एक खास अंग आहे. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज, विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय आणि विद्यापीठातले ललित कला केंद्र यांच्यामुळे भातखंडे आणि पलुसकर यांच्या स्वरलिप्या इथे रोजच्या वापरात आहेत. दुसरीकडे कॅम्पातल्या चर्चमधले गायकवृंद, पाश्चात्त्य वाद्यांच्या परीक्षा देणारी मुले आणि स्टुडिओत व्हायोलिन-बासरीचे पार्ट लिहून देणारे संगीत संयोजक यांना पाच रेघांचा स्टाफ लागतो. सकाळी क्लासमध्ये बंदिश लिहून देणारा हार्मोनियमवादक संध्याकाळी भावगीताचे म्युझिक पीस स्टाफवर लिहितो, असेही सर्रास घडते. वर सांगितलेली सॉफ्टवेअर मुळात स्टाफसाठी बनलेली आहेत. त्यामुळे पुण्यातल्या माणसाला शॉर्टकट शिकताना आपल्या संगीताची सांगड स्वतःच घालावी लागते.

स्वर भरणे

म्यूझस्कोअर मोफत आणि मुक्तस्रोत असल्याने विद्यार्थी बहुधा तिथूनच सुरुवात करतात. ‘एन’ ही कळ दाबली की स्वर भरण्याची अवस्था सुरू होते आणि एस्केपने ती संपते. मग एका हाताने कालमूल्याचा आकडा आणि दुसऱ्या हाताने स्वराचे अक्षर अशी जोडी चालते. षड्ज ‘सी’वर धरला की सा रे ग म प ध नि म्हणजे सी डी ई एफ जी ए बी. गाणे कोणत्याही पट्टीतले असले तरी आधी याच पट्टीत लिहावे, कारण हार्मोनियमच्या पांढरी एकप्रमाणे हे नाते हातात लवकर बसते.

स्वर भरल्यावर खालचा बाण दाबला की तो अर्ध्या स्वराने उतरतो, वरचा बाण दाबला की चढतो. म्हणजे कोमल रिषभ हवा असेल तर ‘डी’ आणि खालचा बाण, तीव्र मध्यम हवा असेल तर ‘एफ’ आणि वरचा बाण. यमनातले नि रे ग म॑ ध नि सां हे आरोही अंग लिहायचे तर बी, डी, ई, एफ, वरचा बाण, ए, बी, सी एवढ्या आठ कळा पुरतात. कोमलसाठी हात खाली आणि तीव्रसाठी वर जातो, हे गाणाऱ्याला सांगावेही लागत नाही.

सप्तकाच्या बाबतीत मात्र नवखा माणूस हमखास गोंधळतो. नवा स्वर कुठल्या सप्तकात ठेवायचा हे सॉफ्टवेअर आधीच्या स्वराच्या जवळिकीवरून ठरवते. षड्जावरून मध्यम वरच्या बाजूने जवळचा, म्हणून सा-म नीट उमटते. षड्जावरून पंचम मात्र वर जाण्यापेक्षा खाली जवळचा पडतो, म्हणून ‘सी’नंतर ‘जी’ दाबले की मंद्र पंचम येतो. सा-प ही उडी आपल्या बंदिशींत आणि अभंगांत इतकी नेहमीची आहे की हा प्रकार दर दोन ओळींनी भेटतो. उपाय सोपा आहे: कंट्रोल धरून वरचा बाण दाबला की तो स्वर सप्तकभर वर जातो. जी, कंट्रोल-वरचा बाण ही जोडी सुरुवातीपासून एकाच हालचालीसारखी घोटून घ्यावी.

गाणे पूर्ण लिहून झाल्यावर पट्टी बदलायची असते, कारण गायक काळी एकचा आणि गायिका काळी पाचची असू शकते. कंट्रोल-ए दाबून सगळे निवडायचे आणि वरचा बाण दाबत राहायचे, हा मोह टाळावा. त्याने स्वर सरकतात, पण की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची पट्टीची खूण) तशीच राहते आणि पानभर शार्प-फ्लॅटची गर्दी होते. व्हायोलिनवाल्याला असे पान समोर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यासाठी ट्रान्सपोजचीच आज्ञा वापरावी.

कालमूल्याचे आकडे

सगळ्या प्रणालींत आकडा एक पायरी वाढला की कालमूल्य दुप्पट होते. आकडे मात्र सगळीकडे एकसारखे नाहीत. एका मात्रेसाठी सहसा वापरला जाणारा क्रॉचेट म्यूझस्कोअर आणि फिनालेत ५ वर आहे, सिबेलियसच्या कीपॅडवर ४ वर आणि डोरिकोत ६ वर. क्वेव्हर, म्हणजे त्याच्या निम्मा, त्या-त्या ठिकाणी एक आकडा खाली, मिनिम, म्हणजे त्याच्या दुप्पट, एक आकडा वर.

हा फरक अलीकडे अनेकांना जाचला, आणि त्याला कारण आहे. १९८८ साली बाजारात आलेल्या फिनालेचा विकास थांबवल्याचे मेकम्युझिक कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले आणि तिच्या वापरकर्त्यांना डोरिकोकडे जाण्याचा मार्ग सुचवला. वर्षानुवर्षे ५ वर क्रॉचेट लिहिणाऱ्या बोटांनी डोरिकोत ५ दाबले की क्वेव्हर उमटतो आणि पुढचा सगळा बार (स्टाफवरच्या दोन उभ्या रेघांमधला भाग) विस्कटतो. डोरिकोचा उगमही अशाच एका स्थलांतरात आहे. सिबेलियसचा लंडनमधला विकासगट २०१२ साली बंद झाल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांनी स्टाइनबर्ग कंपनीत जाऊन नवी प्रणाली बांधली आणि ती २०१६ साली आली.

सिबेलियसची मूळ रचना संख्यांच्या वेगळ्या कीपॅडवर उभी आहे. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर तो बहुधा नसतो. वरच्या ओळीतले आकडे वापरण्यासाठी तिच्यात लॅपटॉपसाठीचा वेगळा संच निवडता येतो, किंवा यूएसबीचा छोटा कीपॅड जोडता येतो. रोज काम असेल तर कीपॅड घेतलेला बरा.

दुगुन, तिगुन, लेहरा

आपल्या संगीताला काही शॉर्टकट असे चपखल बसतात की ते त्यासाठीच केले असावेत असे वाटते. म्यूझस्कोअरमध्ये एखादी ओळ निवडून कंट्रोल-सी ने कॉपी करावी आणि पुढे कंट्रोल-शिफ्ट-क्यू दाबावे. तीच ओळ निम्म्या कालमूल्यात उमटते, म्हणजेच दुगुन तयार. कंट्रोल-शिफ्ट-डब्ल्यू दाबले तर उलट, दुप्पट विलंबित. एका मात्रेत तीन स्वर हवे असतील तर ५ दाबून कंट्रोल-३, की तीन समान घरे मिळतात आणि तिगुनेचे स्वर त्यात भरत जायचे. ‘आर’ दाबले की निवडलेला बार पुढे पुन्हा लिहिला जातो. कथक किंवा तबल्याच्या साथीचा सोळा मात्रांचा लेहरा (पुन्हा पुन्हा वाजणारी एका आवर्तनाची धून) एकदा लिहून घेतला की बाकीची आवर्तने ‘आर’वर होतात.

दोन स्वर निवडून ‘एस’ दाबले की त्यांच्यावर कमान येते. भातखंडे लिपीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, अशाच कमानीने दाखवतात, त्यामुळे क्लासमधल्या मुलांना ती ओळखीची वाटते. तिरप्या रेघेच्या कळेने छोटा आधीचा स्वर येतो आणि तो कणस्वरासाठी (मुख्य स्वराला ओझरता स्पर्श करणाऱ्या स्वरासाठी) वापरता येतो. गमक आणि आंदोलन या स्वर हलवण्याच्या प्रकारांना मात्र स्टाफमध्ये समाधानकारक चिन्ह नाही. तिथे कंट्रोल-टी दाबून मराठीत शब्दच लिहावा, वाजवणाऱ्याला तो पुरतो.

रूपक किंवा झपतालासारखे विषम विभागांचे ताल लिहायला डोरिको सोयीचे पडते. शिफ्ट-एम दाबले की एक छोटी पट्टी उघडते, तिच्यात ३+२+२/८ असे सरळ टंकायचे आणि एंटर दाबायचे. रूपकाची सात मात्रांची मोड तशीच्या तशी कागदावर उतरते.

बोल लिहिताना

म्यूझस्कोअर आणि सिबेलियस दोन्हींत कंट्रोल-एल ने बोल लिहिण्याची अवस्था सुरू होते. स्पेस दाबली की पुढचा स्वर, हायफन दाबले की त्याच शब्दाचे पुढचे अक्षर, आणि म्यूझस्कोअरमध्ये अधोरेषेने आकाराची लांबण. इंग्रजीसाठी हे सुटसुटीत आहे. देवनागरीत दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट मांडणीची. मराठी कीबोर्ड चालू असताना ‘एन’च्या जागी ‘ल’ उमटतो, आणि एका अक्षराचे शॉर्टकट बंद पडू शकतात. म्हणून आधी सगळे स्वर भरून घ्यावेत आणि बोल एकाच बैठकीत शेवटी लिहावेत. विंडोजमध्ये विंडोज-स्पेसने आणि मॅकवर कंट्रोल-स्पेसने मांडणी बदलते. फोनेटिक टंकनात, म्हणजे रोमन अक्षरांत मराठी टंकताना, शब्द पक्का करायला स्पेस लागते आणि तीच स्पेस सॉफ्टवेअरला पुढच्या स्वरासाठी हवी असते, त्यामुळे दोघांची ओढाताण होते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत प्रत्येक कळ लगेच अक्षर देते, म्हणून अक्षरागणिक बोल लिहायला तीच मांडणी उत्तम. तिच्यातही एक अडचण उरते: अधोरेषेच्या जागी विसर्ग येतो. आलाप-आकाराच्या ओळीत त्या कळेसाठी इंग्रजीत यावेच लागते.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. ‘विठ्ठल’ तीन स्वरांवर वाटायचे असेल तर ‘वि’, ‘ठ्ठ’, ‘ल’ असे तोडावे. जोडाक्षर मध्येच तोडून ‘विठ्’ आणि ‘ठल’ केले की पाय मोडलेले अक्षर एकटेच लटकते आणि पहिल्या नजरेत वाचता येत नाही.

भातखंडे लिपी टंकताना

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब आणि बोलांच्या लांबणीला अवग्रह (ऽ) असतो. ही लिपी पुण्यात बहुतेक जण वर्डमध्येच लिहितात. इनस्क्रिप्ट मांडणीत सातही स्वर सहज येतात आणि फक्त ‘ध’साठी शिफ्ट धरावी लागते. तार षड्ज म्हणजे ‘सा’वर अनुस्वार. मंद्र स्वरासाठी नुक्ता (अक्षराखालचे टिंब) वापरतात, आणि तिथे क्रम महत्त्वाचा: आधी ‘न’, मग नुक्ता, मग इकार, तरच ‘ऩि’ नीट जुळतो. नुक्ता शेवटी दिला तर अनेक प्रोग्रॅममध्ये टिंबांचे रिकामे वर्तुळ उमटते.

कोमल स्वरासाठी कंट्रोल-यू ने अधोरेखित करण्याची रीत सर्वांत प्रचलित आहे. छापील पानापुरती ती ठीक आहे. पण तीच बंदिश कॉपी करून विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली की अधोरेखन गळून पडते आणि भैरवाचा बिलावल होतो. वैदिक स्वरांसाठी युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात असलेली अनुदात्त आणि उदात्त ही चिन्हे इथे कामी येतात: अक्षराखालची आडवी रेघ आणि अक्षरावरची उभी रेघ. ती मजकुराचाच भाग असतात, त्यामुळे रे॒ आणि म॑ कुठेही पाठवले तरी तसेच राहतात, फॉन्टमध्ये ती चिन्हे असली म्हणजे झाले. वर्डमध्ये इंग्रजी मांडणीत ०९५२ हे चार अंक टंकून ऑल्ट-एक्स दाबले की अनुदात्त येते, ०९५१ ने उदात्त. रोज लागणार असेल तर त्याला स्वतःचा शॉर्टकट नेमून ठेवावा. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेल्या फायलींना हे लागू पडत नाही. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

मात्रांची घरे आखायला तक्ता वापरावा. त्रितालासाठी सोळा रकाने केले की टॅबने पुढच्या मात्रेवर जाता येते, आणि शेवटच्या घरात टॅब दाबले की नवी ओळ आपोआप उघडते.

शॉर्टकट बदलणे आणि जपणे

चारही प्रणालींत मूळ शॉर्टकट कमी-अधिक प्रमाणात बदलता येतात. सुरुवातीलाच बदलण्यात मात्र तोटा आहे: स्टुडिओतल्या दुसऱ्या संगणकावर बसले की हात अडतो आणि मदत मागितली तर सांगणाऱ्याच्या कळा वेगळ्या पडतात. आधी आकडे, अक्षरे, दोन बाण आणि कंट्रोल-एल एवढ्यावर आठ-दहा गाणी उतरवावीत. नंतर जी आज्ञा मेनूतून वारंवार काढावी लागते तिलाच कळ नेमावी. आपला संच फाइल म्हणून निर्यात होत असेल तर ती फाइल स्कोअरच्या फोल्डरबरोबर ठेवावी. मॅकवर कंट्रोलच्या जागी बहुधा कमांड येते, बाकीची सवय तशीच चालते.