कॉपीराइट सोपवणे आणि परवाना देणे: मुक्तस्रोत योगदानातील दोन वेगळे व्यवहार

मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना वापरायला व बदलायला खुला असतो अशा) प्रकल्पाला कोड पाठवताना अनेक ठिकाणी आधी एका करारावर सही मागितली जाते, आणि 'कोड आता प्रकल्पाचाच झाला' असे गृहीत धरून पुष्कळ जण तो न वाचताच मान्य करतात. अशा करारात दोन अगदी भिन्न व्यवहारांपैकी कोणताही एक असू शकतो. एकात कॉपीराइटच दुसऱ्याच्या नावे होतो. दुसऱ्यात तो लिहिणाऱ्याकडेच राहतो आणि प्रकल्पाला फक्त वापराची परवानगी मिळते.

पहिल्या व्यवहाराचे ठळक उदाहरण म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन. ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी मोठा बदल पाठवणाऱ्याला त्याचा कॉपीराइट या संस्थेला लेखी सोपवावा लागतो. मोबदल्यात संस्था तो कोड मुक्त अटींवरच वितरित करण्याचे वचन देते आणि मूळ लेखकाला स्वतःचा कोड वापरण्याची मुभा ठेवते. यामागचे कारण पटण्याजोगे आहे: परवान्याचा भंग झाल्यास न्यायालयात कॉपीराइटच्या मालकानेच जायचे असते, आणि मालकी शेकडो लोकांत विखुरलेली असेल तर दावा उभा करणे अवघड होते. याच मालकीच्या बळावर संस्थेने २००८ मध्ये सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीवर जीसीसी (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर) यासारख्या प्रोग्रॅमांबाबत दावा दाखल केला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. मात्र खुद्द जीसीसीने २०२१ मध्ये ही सक्ती सोडली.

दुसऱ्या व्यवहाराचे उदाहरण म्हणजे अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचा करार. त्यात योगदानकर्ता कॉपीराइट स्वतःकडे ठेवतो, पण संस्थेला जगभर लागू असलेला, रद्द न करता येणारा, पुढे इतरांनाही देता येणारा परवाना देतो आणि त्यासोबत पेटंटचाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एवढाही करार नाही. तिथे २००४ पासून प्रत्येक पॅचखाली (पाठवलेल्या बदलाखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लिहून, हा कोड प्रकल्पाच्या परवान्याखाली देण्याचा आपल्याला अधिकार आहे, असे लेखक प्रमाणित करतो. त्या ओळीने मालकी तसूभरही हलत नाही.

खरा फरक प्रकल्पाचा परवाना बदलायची वेळ येते तेव्हा दिसतो. कर्नलचे मालक हजारो आहेत आणि परवाना बदलायला त्यांची संमती लागते, म्हणून तो जीपीएल या त्याच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरून तिसऱ्या आवृत्तीवर नेणे व्यवहारात अशक्यप्राय आहे. ओपनएसएसएल या इंटरनेटवरील संवाद सुरक्षित करणाऱ्या सॉफ्टवेअरला अपाचे परवान्याकडे वळण्यासाठी शेकडो योगदानकर्त्यांशी संपर्क साधावा लागला आणि ते वळण २०२१ च्या ३.० आवृत्तीत पूर्ण झाले.

इथेच एक गैरसमज महागात पडतो. 'कॉपीराइट माझ्याकडेच आहे, म्हणजे माझ्या संमतीशिवाय काही बदलणार नाही' हा तर्क चुकीचा आहे. हॅशिकॉर्प या सॉफ्टवेअर कंपनीच्या करारात कॉपीराइट योगदानकर्त्यांकडेच राहत होता, तरीही २०२३ मध्ये कंपनीने टेराफॉर्म या आपल्या साधनाच्या पुढील आवृत्त्या मुक्तस्रोत मोझिला परवान्याऐवजी, स्पर्धकांच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सखाली आणल्या, कारण करारातील व्यापक परवान्याने तो अधिकार तिला आधीच दिलेला होता. जुन्या आवृत्त्या जुन्याच अटींवर राहिल्या आणि त्यांतून ओपनटोफू हा स्वतंत्र मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. प्रकल्प बीएसडीसारख्या उदार परवान्याखाली असेल, तर पुढील आवृत्त्या बंदिस्त अटींवर काढायला कोणत्याही कराराची गरज पडत नाही. मूळ कॉपीराइट सूचना आणि परवान्याचा मजकूर तेवढा जपावा लागतो. म्हणून मालकी कोणाची, या प्रश्नाइतकेच परवान्याच्या कलमातील 'इतर अटींवर पुढे देण्याचा अधिकार' हे शब्द बारकाईने वाचणे मला आवश्यक वाटते. एकाच कंपनीच्या हाती असलेल्या प्रकल्पात तर ते शब्द मालकीपेक्षाही जास्त ठरवतात.

देशागणिक कायदाही बदलतो. जर्मनीत लेखकाला हयातीत कॉपीराइट दुसऱ्याला देताच येत नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात. त्यामुळे तिथे पहिला व्यवहार अनन्य परवान्याच्या रूपाने करावा लागतो. शिवाय अनेक देशांत नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचे हक्क सुरुवातीपासूनच नोकरी देणाऱ्या कंपनीकडे असतात. तसे असेल तर कर्मचाऱ्याची एकट्याची सही दोन्हींपैकी कोणत्याही व्यवहाराला पुरत नाही, आणि म्हणूनच अपाचेने कंपन्यांसाठी वेगळा करार ठेवला आहे.